शेजार आणि नेम : गोव्यातील ख्रिस्ती फिर्गजेचा आठवडा



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालवते, त्यांनी आम्हां विद्यार्थ्यांना एक सवय लावली होती. नवा शब्द भेटला की त्याचे घर विचारावे. तो कोठून आला, कोणाच्या तोंडी राहिला आणि आज कोठे नांदतो, हे समजल्याखेरीज तो शब्द आपला म्हणू नये. आजचा विषय त्या सवयीतूनच निघाला आहे. मराठीच्या प्राध्यापकाने चर्चविषयी का बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर देताना प्रथम माझी एक चूक कबूल करावी लागेल.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी पदवीच्या वर्गाला फादर थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ शिकवीत होतो. रायतूर येथे १६१६ साली रोमी लिपीत छापलेले, दहा हजारांहून अधिक ओव्यांचे हे काव्य. त्यातील मराठीच्या गौरवाच्या ओव्या आपण सर्वांनी शाळेत पाठ केल्या आहेत. छंद, भाषा, ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेशी असलेले नाते, असे सारे सांगून झाल्यावर सासष्टीतला एक ख्रिस्ती विद्यार्थी उठला आणि म्हणाला, “सर, हे कोणत्या दिवशी वाचायचे?” मी म्हणालो, “ते परीक्षेला येत नाही.” वर्ग हसला, तोही हसला आणि खाली बसला.

घरी आल्यावर मात्र तो प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. पुराण म्हटले की ते कोणीतरी, कोणासाठी तरी, कोणत्या तरी नेमलेल्या वेळी सांगावयाचे असते. हे आपल्या देवळांच्या बाबतीत मला ठाऊक होते. पण ज्या समाजासाठी स्टीफन्सने काव्य रचले, त्या समाजाचा आठवडा कसा असतो, हे मला सांगता आले नसते. माझे सारे आयुष्य चर्चच्या घंटेच्या टप्प्यात गेले असूनही! पुढे त्याच विद्यार्थ्याच्या गावी जाऊन मी जवळजवळ वर्षभर रविवारी चर्चच्या शेवटच्या बाकावर बसलो. त्या वर्षात आणि नंतरच्या काळात जे समजले, तेच आज आपणांपुढे ठेवीत आहे.

तीन शब्द

गोव्यातील ख्रिस्ती माणूस आपल्या धर्मकेंद्राच्या परिसराला ‘फिर्गज’ म्हणतो आणि तेथील रहिवाशाला ‘फिर्गजकार’. पोर्तुगीज ‘फ्रेगेझिया’वरून हा शब्द आला. त्याचे मूळ ‘चर्चचा पुत्र’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांत सांगितले जाते. इंग्रजीतून आलेला ‘पॅरिश’ हा दुसरा शब्द. त्याच्या तळाशी ग्रीक ‘पारोइकिया’ आहे; ‘घराच्या शेजारी राहणे’ हा त्याचा मूळ अर्थ, आणि परक्या गावी वस्तीस असणे हा दुसरा. तिसरा शब्द आपल्या मराठीचा आहे. वसईच्या मराठी भाषक ख्रिस्ती समाजात पॅरिशला ‘धर्मग्राम’ म्हणतात. पुत्र, शेजारी आणि गाव या तीन शब्दांत त्या संस्थेचे तिन्ही अंग सापडते. चर्चशी नाते जन्माचे असते, एकमेकांशी नाते शेजाराचे असते आणि दोन्ही मिळून एक गाव होते.

ही केवळ शब्दांची जुळणी नव्हे. फिर्गजेला सीमा असते. अमुक वाड्यापासून तमुक ओढ्यापर्यंतची सारी कॅथलिक कुटुंबे त्या विगाराच्या, म्हणजे मुख्य धर्मगुरूच्या, जबाबदारीची. बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू यांची नोंद तेथील वहीत होते. या वह्या इतक्या जुन्या आणि सलग आहेत की, कुळाचा माग काढू पाहणारा माणूस आजही प्रथम चर्चच्या कपाटापाशी जातो. माणूस आपला विगार निवडीत नाही, आणि विगारही आपली माणसे निवडीत नाही. ज्याच्याशी बांधावरून भांडण आहे, त्याच्याच शेजारी रविवारी गुडघे टेकावे लागतात.

आयतार

आपल्याला रविवार हा आठवड्याचा शेवट वाटतो, कारण तो सुट्टीचा वार. ख्रिस्ती गणनेत तो पहिला दिवस आहे. येशूचे पुनरुत्थान त्या दिवशी झाले या श्रद्धेने तो प्रभूचा दिवस ठरला. त्या दिवशी ‘मीस’ला उपस्थित राहणे हे प्रत्येक कॅथलिकाचे कर्तव्य मानले जाते, शनिवारी सायंकाळची मीसही रविवारचीच समजतात. वसईकर जिला ‘मिस्सा’ म्हणतात, तीच ही मीस.

या उपासनेचे दोन भाग असतात. पहिला शब्दाचा. आरंभी सर्वजण आपल्या अपराधांची कबुली देतात. मग जुन्या करारातील एक उतारा, स्तोत्र, प्रेषितांच्या पत्रांतील एक उतारा, आणि शेवटी शुभवर्तमान. शुभवर्तमानाच्या वेळी सारी सभा उभी राहते. त्यावर धर्मगुरू प्रवचन करतो. हे उतारे त्याच्या मर्जीने ठरत नाहीत. १९६९ सालापासून रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र ठरलेले आहे. एका वर्षी प्रामुख्याने मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. सासष्टीतल्या खेड्यात ज्या रविवारी जो उतारा वाचला जातो, सामान्यतः तोच त्या दिवशी वसईत आणि रोममध्येही वाचला जातो. पंढरीच्या वाटेवर दिंडीदिंडीत ठरलेल्या वेळी ठरलेले अभंग म्हटले जातात, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या शिस्तीचे बळ सांगावयास नको.

दुसरा भाग भाकरीचा. भाकर आणि द्राक्षारस वेदीवर आणला जातो, येशूच्या शेवटच्या भोजनातील शब्द धर्मगुरू उच्चारतो, आणि त्या क्षणापासून ते येशूचे शरीर व रक्त होते, अशी कॅथलिक श्रद्धा आहे. ते ग्रहण करण्याआधी सर्वजण प्रभूची प्रार्थना एकत्र म्हणतात आणि शेजारच्या माणसाला शांतीची खूण करतात. हात जोडून किंवा हातात हात घेऊन. प्रसाद ग्रहण करण्याआधी शेजाऱ्याकडे वळावे लागते, हा क्रम मला अर्थपूर्ण वाटला. बाप्तिस्मा नसलेल्याने तो प्रसाद घ्यावयाचा नसतो. रांगा पुढे सरकत असताना मी बाकावर बसून राहिलो. माझ्याकडे कोणी वळून पाहिले नाही.

शेवटी सूचना असतात. कोणाचा विवाह ठरला आहे आणि कोणास हरकत असल्यास कळवावी. येत्या आठवड्यात कोणत्या दिवशीची मीस कोणा मृताच्या स्मरणार्थ आहे. कोणत्या वाड्याने चर्च झाडावयाचे आहे. परक्या माणसाला हा भाग रुक्ष वाटेल. मला मात्र येथे फिर्गजेची नाडी हाताला लागली. ‘मीस’ या शब्दाचे मूळही शेवटच्या लॅटिन वाक्यात आहे. ‘जा, पाठवणी झाली’ असा त्याचा आशय. म्हणजे उपासनेला नाव मिळाले ते तिच्या समाप्तीवरून. घरी परतून सहा दिवस कसे राहावयाचे, यासाठीच जणू ती सभा भरते.

उरलेले सहा दिवस

दररोज सकाळी, दुपारी आणि सांजवेळी घंटा वाजते. सांजेच्या घंटेला गोव्यात ‘आमोरी’ म्हणतात. देवदूताने मरियेला दिलेल्या संदेशाचे स्मरण करणारी ती छोटी प्रार्थना. पूर्वी घंटा कानी येताच माणसे वाटेत थांबत. माझ्या लहानपणी आमच्या घरीही त्या घंटेवर एक काम सोपवलेले होते. आई म्हणे, “घंटा झाली, दिवा लाव.” चर्चची आमोरी आणि आमच्या तुळशीपुढची दिवेलागण एकाच नादावर होत असे, आणि यात काही विशेष आहे असे दोन्ही घरांना वाटत नसे.

आमोरीनंतर घराघरांत ‘तेर्स’ होतो. तेर्स म्हणजे तिसरा भाग. रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या, मूळच्या दीडशे मरियाप्रार्थनांपैकी पन्नास. दहादहांचे पाच गट, प्रत्येक गटाच्या आरंभी प्रभूची प्रार्थना आणि प्रत्येक गटाबरोबर येशू-मरियेच्या जीवनातील एका प्रसंगाचे चिंतन. या प्रसंगांना ‘रहस्ये’ म्हणतात आणि त्यांना वार नेमलेले आहेत. सोमवारी व शनिवारी आनंदाची, मंगळवारी व शुक्रवारी दुःखाची, बुधवारी व रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली जोडली. याखेरीज भक्तिपरंपरेनेही वार वाटून घेतले आहेत. मंगळवार संत अंतोनीचा, बुधवारी निरंतर साहाय्य करणाऱ्या मातेची नोव्हेना, गुरुवारी पवित्र प्रसादाची आराधना, महिन्याचा पहिला शुक्रवार येशूच्या पवित्र हृदयाचा, शनिवार मरियेचा. उपवासकाळातल्या शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची चौदा स्थाने चालतात.

भाषेच्या अभ्यासकाला येथे एक मौज दिसते. पोर्तुगीजांनी सोमवार ते शुक्रवार या वारांना चर्चच्या रीतीने ‘दुसरा’, ‘तिसरा’ असे क्रमांक दिले. कोंकणी ख्रिस्ती माणसाने मात्र आपली नावे सोडली नाहीत. प्रभूच्या दिवसाला तो ‘आयतार’ म्हणतो, म्हणजे आदित्यवार. आणि पवित्र प्रसादाची आराधना करतो ती ‘बिरेस्तारा’, म्हणजे बृहस्पतीच्या वारी!

तेर्स संपला की लहानांनी थोरांकडे ‘बेसांव’ मागावयाचे. बेसांव म्हणजे आशीर्वाद. शेजारच्या घरात एक वृद्ध बाई होती, जिला आम्ही सारी मुले माय म्हणत असू. तिच्यापुढे नातवंडांची रांग लागे, आणि खेळता खेळता तेथेच रेंगाळलेला मीही रांगेच्या टोकाला उभा राहत असे. ती माझ्याही डोक्यावर हात ठेवी. ती काय पुटपुटते, हे मी कधी विचारले नाही.

हातांनी चालणारी संस्था

फिर्गज केवळ धर्मगुरूवर चालत नाही. जुन्या काळी विगाराखालोखाल मान असे तो मेस्ताचा. चर्चच्या शाळेत तो मुलांना प्रार्थना आणि संगीत शिकवी. गोव्याला व्हायोलिन आणि स्वरलिपी घरोघर मिळाली ती या शाळांमुळे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांचा जो भरणा होता, त्याचा उगम येथे आहे. चर्चची मालमत्ता आणि हिशेब ‘फाब्रिक’ पाहते. ‘कोंफ्रारी’ या बंधुसंघांकडे सण आणि अंत्यविधी असतात; मिरवणुकीत त्यांचे सभासद विशिष्ट झगे घालून चालतात. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या मित्रांनी स्थापन केलेल्या संत व्हिन्सेंट द पॉल संस्थेच्या शाखा गोव्यात आहेत. तिचे सभासद नियमाने भेटतात आणि गरीब कुटुंबांच्या घरी जाऊन विचारपूस करतात. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर सामान्य श्रद्धावंतांचा सहभाग वाढला, आणि गेल्या काही दशकांत वाड्यावाड्यांत लहान ख्रिस्ती समूह झाले. ते शुभवर्तमान वाचतात, तसेच कोणाच्या घरी आजारी माणूस आहे याची दादही घेतात.

वाड्यावरच्या क्रूसापाशी ‘लादीन’ होते, म्हणजे मरियेची नामावली गायिली जाते. शेजारी जमतात, उकडलेले चणे वाटले जातात. सायबिणीची मूर्ती एकेक रात्र एकेका घरी मुक्काम करते आणि दुसऱ्या सायंकाळी शेजारच्या घरी जाते. तिच्यासोबत सारा वाडा त्या घरात येतो. वर्षभर बोलणे नसलेल्या दोन घरांनाही त्या दिवशी उंबरा ओलांडावा लागतो.

शेतीचे वर्षही फिर्गजेतच फिरते. ५ ऑगस्टला राय येथे आणि २१ ऑगस्टला ताळगावात कणसांचे फेस्त होते. नव्या भाताची कणसे आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेली जातात. आपल्याकडे चतुर्थीच्या सुमारास नवे आणून देवापुढे ठेवतात, तोच हा भाव. ज्या गावकऱ्यांच्या संस्था देवळांचा खर्च चालवीत, त्याच पुढे चर्चचा खर्च उचलू लागल्या, हे ध्यानात घेतले की या साम्याचे नवल वाटत नाही. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण आणि शिरगावची लईराई या बहिणी आहेत, असे दोन्ही समाज मानतात. सायबिणीच्या फेस्ताला हिंदूंचीही रांग असते.

दुखणी

हे सारे सांगताना एक बाजू झाकून ठेवणे गुरुवर्यांना रुचले नसते. हा शेजार सुखासुखी झालेला नाही. १५६७ साली सासष्टीतील देवळे पाडली गेली. मंगेशी कुशस्थळीहून, शांतादुर्गा केळशीहून फोंड्याच्या आश्रयास गेल्या. १५६० साली आलेले इन्क्विझिशन, मधली काही वर्षे वगळता, १८१२ पर्यंत राहिले; आणि त्याचा सर्वांत मोठा जाच नवख्रिस्ती कुटुंबांनाच झाला. १७३६ च्या फर्मानाने त्यांची लग्नातली गाणी आणि चालीरीतीदेखील निषिद्ध ठरवल्या. तरीही ख्रिस्ती घरांत लग्नाआधी नारळाच्या रसाने न्हाऊ घालण्याचा ‘रोस’ टिकला आणि त्यासोबत ओव्याही टिकल्या.

दुसरे दुखणे आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. बाप्तिस्म्यानंतरही जात सुटली नाही. कोंफ्रारी जातवार होत्या. कोणत्या संघाने कोणते फेस्त करावे आणि मिरवणुकीत कोणी कोठे चालावे, यावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे झाले. शांतीची खूण करणाऱ्या सभेत हा भेद राहिला, याची खंत स्वतः ख्रिस्ती विचारवंतांनीच मांडली आहे.

वार हरवलेला ग्रंथ

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक प्रसंग आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला श्रोता पाद्रीला विचारतो की, आमची जुनी पुराणे आपण बंद केलीत. मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे काही का देत नाही? स्टीफन्सचे काव्य हे या प्रश्नाचे उत्तर. रविवारी आणि सणावारी चर्चमध्ये ते गाऊन वाचले जाई, असे अभ्यासक सांगतात. तेव्हा वर्गात मला देता आले नाही ते उत्तर हे : “बाळा, आयताराचे.”

याच स्टीफन्सने मुलांसाठी धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरी लिहिली ती मात्र कोंकणीत. ती त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ साली छापली गेली. पुराणाला ग्रंथाची भाषा, मुलाच्या प्रार्थनेला घरची भाषा, असा विवेक त्याने केला. पुढे १६८४ च्या फर्मानाने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज स्वीकारावी असे ठरले. परिणाम काय झाला? मराठी पुराण गोव्यातील चर्चमधून गेले. मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी हस्तलिखिते जपली, म्हणून १९०७ साली जे. एल. साल्ढाणा यांना ते तेथे छापता आले. १९९६ साली सिस्टर कारिदाद द्रागो यांनी ते देवनागरीत आणले. कोंकणी प्रार्थना मात्र कोठेही गेली नाही. फर्मान घराच्या तेर्सापर्यंत पोचू शकले नाही. चर्चमध्ये लॅटिन, कचेरीत पोर्तुगीज आणि सांजेला घरी कोंकणी, अशा रीतीने ती भाषा तीन शतके तगली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली, तेव्हा ती चर्चमध्ये जाण्यास सिद्ध होती.

मला यातून एक गोष्ट उमगली. भाषा आणि समाज गौरवाने टिकत नाहीत, नेमाने टिकतात. ज्या ग्रंथाचा वार हरवतो, तो अभ्यासक्रमात जाऊन बसतो. वसईत घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलणारा समाज रविवारी मराठीत उपासना करतो. त्याच मातीतून आलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे मराठी रविवार आहेत.

आजची फिर्गजही अडचणीत आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील ख्रिस्ती लोकसंख्या ३,६६,१३० होती, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या सुमारे पंचवीस टक्के. पण आखातात, इंग्लंडमधल्या स्विंडनसारख्या गावी कुटुंबेच्या कुटुंबे गेली आहेत. सायबीण न्यावयाची तर मधली कितीतरी घरे कुलूपबंद. शहरांतल्या मुलांना प्रार्थना इंग्रजीत सोपी वाटते. फर्मानाला जे जमले नाही, ते सोयीला जमेल की काय, अशी चिंता मला माझ्या त्या विद्यार्थ्याने, जो आता स्वतः आजोबा होण्याच्या वयाचा आहे, बोलून दाखवली. २०२० च्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद झाली, तेव्हा त्याच्या घरी तेर्स पुन्हा रोज होऊ लागला आणि पुढेही चालू राहिला, हेही त्यानेच सांगितले.

मित्रहो, आपल्या मराठी शाळेचा पटही दरवर्षी खाली येतो आहे. आपण वर्षातून एकदा येथे जमतो, मराठीचा गौरव करतो आणि आपापल्या घरी इंग्रजीत परततो. मला त्या शेवटच्या बाकावरून जे दिसले ते एवढेच : वर्षाच्या सोहळ्याने नव्हे, आठवड्याच्या नेमाने माणसे एकत्र राहतात. एखादा वार मराठी वाचनाचा ठरवा. घरी ठरवा, वाड्यावर ठरवा. आणि शेजारच्या घरालाही बोलवा.

माय आता नाही. ती माझ्या डोक्यावर हात ठेवून काय म्हणत असे, ते मी साठी ओलांडल्यावर विचारून घेतले. ‘देव बरे करो’ एवढेच ते होते. शेजाऱ्याची प्रार्थना समजून घेण्यास इतका उशीर आपण कोणी करू नये, अशी विनंती करून माझे भाषण पुरे करतो.